नाव छापणार नाही, काका

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र उघडं लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाहीये. मीटिंगमध्ये कोण येतं, काय बोलतं हे बाहेर न्यायचं नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतंत. वाचलंत की ओळखालच.

तुम्ही येण्याआधी दादाच्या दारूवरून आमच्या घरात सल्ल्यांचा बाजार भरला होता. मामा म्हणाला, चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप उतरेल. आत्या म्हणाली, पंढरपूरला नेऊन माळ घाला. लोकलच्या डब्यातली ‘न सांगता दारू सोडवा’ ही जाहिरात बघून वहिनीनं कसलीशी पावडर मागवली आणि भाजीत घातली. भाजी कडू झाली, पैसे गेले, दादा होता तिथंच. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव ठाऊक होतं, १९८६ पासून त्यांचं काम चालू आहे. पण तिथं दाखल होऊन राहायचं, आणि दादाचं पालुपद ठरलेलं : ‘मी काय बेवडा आहे?’ अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग इथंच कल्याणला, ज्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले तिथंच संध्याकाळी भरते आणि तिला फी नसते, हे शेवटी सांगितलं कोणी, तर कोपऱ्यावरच्या केमिस्टनं. आई दादासाठी अॅसिडिटीच्या गोळ्या न्यायची त्याच्याकडून. त्यानंच तुमचा नंबर लिहून दिला.

तुम्ही एकटे आला नाहीत, दोघं आलात. असं दोघांनीच जायची तुमच्याकडे पद्धत आहे, हे नंतर कळलं. मला वाटलं होतं, आता दादाला फैलावर घेणार. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत फारसं. स्वतःचंच सांगत बसलात : बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलेलं, कामावर जातो सांगून स्टेशनच्या बाकावर काढलेले दिवस, सकाळी दाढी करताना वस्तरा धरवत नसे ते. दादा तोंड फिरवून बसला होता. वस्तऱ्याचं ऐकल्यावर पहिल्यांदा त्यानं विचारलं, “मग काय करायचात?” “न्हाव्याकडे जायचो. त्याच्याही आधी गुत्त्यावर,” तुम्ही म्हणालात. आणि दादा हसला. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी.

मग चहा आला. त्याच्या हातात कप बशीवर खडखडायला लागला. ते तुम्ही टिपलंत, आणि मीटिंगचं बोलणं तिथंच थांबवलंत. “उद्या आधी डॉक्टर. इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं.” मामाचा कोंडून ठेवायचा बेत आठवला आणि माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं, गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली. मीटिंग त्यानंतर.

निघताना आईनं दादाला गळ्याची शपथ घालायला घेतली. तुम्ही अडवलंत. “शपथा आम्ही पोत्यानं घेतल्यात, आई. आज रात्री झोपेपर्यंत नको. उद्याचं उद्या.”

इतक्या लांबून, कामावरून दमून, ओळख ना पाळख अशांच्या घरी तुम्ही का येता, असं मी जिन्यात विचारलं होतं. “मी माझ्यासाठी येतो,” म्हणालात. मला तो विनय वाटला. नंतर तुमची ही अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस कशी सुरू झाली, ती १९३५ सालची हकीकत वाचली. अमेरिकेत ओहायोमधल्या अॅक्रन गावी धंद्यात आपटी खाल्लेला बिल हॉटेलात एकटा होता, बार समोरच. प्यावंसं वाटायला लागलं तेव्हा स्वतःची दारू टळावी म्हणून त्यानं फोनाफोनी करून बोलायला दुसरा दारुडा शोधला. भेटला एक सर्जन, डॉक्टर बॉब. त्या दोघांच्या बोलण्यातून हे सगळं उभं राहिलं. म्हणजे तुम्ही खरंच बोलत होतात. उपकाराचं ओझं तुम्ही आमच्यावर टाकलं नाहीत ते मुद्दाम, असं मला वाटतं. नाहीतर दादा दुसऱ्यांदा तिकडे फिरकला नसता.

मला सगळ्यात जास्त आभार मात्र आईसाठी मानायचेत. दादाच्या पेल्याचा वास घेणं, खिसे तपासणं, रात्री दारात उभं राहणं हाच तिचा दिवसभराचा उद्योग झाला होता. घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळी मीटिंग असते, हे तुमच्या मंडळींनी सांगितलं. ‘मला कुठं व्यसन आहे?’ म्हणून ती आधी फणकारलीच. आता ती कोणाला न सांगता साडी बदलून निघते. मधे दादा एकदा घसरला, पिऊन आला. तेव्हा तिनं ना आरडाओरडा केला, ना त्याच्या साहेबांना ‘ताप आलाय’ असा खोटा फोन केला. जेवून झोपली. सकाळी दादानंच तुम्हाला फोन लावला. तुम्ही एवढंच म्हणालात, “संध्याकाळी ये, खुर्च्या लावायच्यात.” वहिनी अजून माहेरीच आहे, ती कधी येईल ते तिचं ती ठरवेल. तिला आम्ही काही बोलत नाही.

मी पाकीट दिलं होतं ते तुम्ही परत केलंत. बाहेरच्यांचे पैसे घेत नाही, मेंबरच आपापसांत वर्गणी काढतात, म्हणालात. म्हणून मग आईनं मीटिंगला बेसनाचे लाडू पाठवले. ते संपले असतील तर स्टीलचा डबा दादाबरोबर पाठवून द्या. झाकणावर आईचं नाव कोरलेलं आहे.

तुमची,
त्याची धाकटी बहीण