शमूला, सोमवारी

चि. शमुवेल यास,

सलाम.

काल रात्री पावणेदहाला तू गाडी काढलीस. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलं की ते नागमोडी वळण, त्यात पाऊस. हे तुझी आई तीनदा म्हणाली, मी पेपर वाचत होतो. साडेबाराला तुझं ‘पोचलो’ आलं तेव्हा पेपर उलटा होता, असं ती म्हणते. असेल.

तू नोकरी सोडून पाळक व्हायला सेमिनरीत जाणार म्हणालास आणि मी ताटावरच ओरडलो, ‘आईबापाची आज्ञा मान, दहा आज्ञांतली पाचवी आहे!’ तू हळूच म्हणालास, ‘तिथे मान राख असं आहे, बाबा.’ तीस वर्षं संडेस्कूल घेतलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. मग रात्री बायबलातलं इफिसकरांस पत्र काढलं. आज्ञेत राहा असं तिथे आहे, सहाव्या अध्यायात, मी खोटं बोललो नव्हतो. पण ‘प्रभूमध्ये’ हा शब्द आहे मध्ये. आणि तीनच वचनं पुढे बापांना सांगितलंय, मुलांना चिरडीस आणू नका. ते तुला दाखवणार नव्हतो.

एक मात्र ऐक. ‘देव राखील’ म्हणून हेल्मेटचा पट्टा न लावता निघालास. सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर नेलं, दूत झेलतील म्हणून स्तोत्रातलं वचनही काढून दाखवलं. येशूने उडी मारली नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, म्हणाला. भरवसा तो आणि हा यात फरक आहे, शमू. वसंतकाकाचंही देवावर प्रेम होतं.

पुन्हा तेच झालं. माफ कर.

१९१७ साली रेव्हरंड ना. वा. टिळक मिशनचा पगार सोडून आपल्या साताऱ्यात आले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, ही गोष्ट तुला मीच सांगितलेली. दुसरीत होतास, सदर बझारातून चालत घरी येताना रोज पुन्हा सांगायला लावायचास. पगार नसताना ते जेवायचे काय, हा तुझा प्रश्न असायचा. मी म्हणायचो, देव देतो. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले, एवढं मात्र गाळायचो. दुसऱ्याच्या घरातला त्याग सांगायला सोपा असतो रे. काल तू तीच गोष्ट माझ्यासमोर ठेवलीस आणि मला हप्ते आठवले. तुझा प्रश्न आता मी विचारतोय.

तुझं नाव आईने ठेवलं. मला सुहास हवं होतं. बायबलातला शमुवेल, रात्री हाक ऐकून तो पोरगा तीनदा एली याजकाकडे धावत गेला, आणि तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की पोराला हाक मारणारा देव आहे. आपल्या मराठीत ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणतो, म्हणजे कान शाबूत असतात, फक्त आपलं मानत नाही. हिब्रूतही ऐकणं आणि मानणं याला एकच शब्द आहे म्हणतात. तू ऐकत नाहीस असं मी काल सगळ्या आळीला ऐकवलं. एलीची नजर मंद झाली होती. माझी शाबूत आहे, म्हणून माझं जास्त चुकलं.

परवानगी दिली असं समजू नकोस अजून. राजीनामा देण्याआधी हप्त्यांचं नीट लिहून कळव. शेवंतामावशीला मी काही बोललेलो नाही. आईने बोललं असेल. चर्चच्या मंडळीत मात्र सकाळी कोणी विचारलं तर सांगून टाकलं, पोरगा पाळक होणार म्हणून. तोंडातून निघून गेलं.

डबा राहिला इथेच. पोळ्या संपवल्या, चटणी ठेवलीय. पुढच्या रविवारी स्वारगेटहून विनाथांबा एस.टी.ने ये. गाडी पुण्यालाच राहू दे.

तुझा,
बाबा