यजमानपद कमावलेले आहे, ते काढून घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना शनिवारी, १२ एप्रिल २०२५ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर झाला आणि मोहन बागानने बेंगळुरूला जादा वेळेत २-१ ने हरवले. त्यावर आपल्या अंकात एका वाचकाचे पत्र आले आहे. अंतिम सामना यापुढे त्रयस्थ मैदानावरच घ्यावा, घरच्या प्रेक्षकांसमोर तो खेळवणे हा पाहुण्या संघावर अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांची कळकळ मला समजते, पण मागणी पटत नाही.

घरच्या मैदानाचा फायदा होतो, यात वाद नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन मोसमांतले बाद फेरीचे सगळे सामने मी वहीत मांडून पाहिले. दर मोसमात सात, म्हणजे एकूण चौदा. त्यातले अकरा यजमानांनी जिंकले. यंदाच्या उपांत्य फेरीत (प्रत्येक जोडीचा एकेक सामना दोघांच्याही मैदानावर) तर चारही सामने यजमानांचे: बेंगळुरूने गोव्याला आपल्याकडे २-० ने हरवले, गोव्याने फातोर्ड्याला २-१ ने परतफेड केली, जमशेदपूरने बागानला २-१ ने नमवले, बागानने कोलकात्यात २-० ने हिशेब चुकता केला. चौदांत हरलेले यजमान तीनच. त्यातला एक नॉर्थईस्ट युनायटेड. त्यांचे नेहमीचे मैदान गुवाहाटीचे, पण जमशेदपूरविरुद्धची ती लढत ते शिलाँगला खेळले. ते घर कितपत घरचे होते, हा प्रश्नच आहे.

मात्र अंतिम सामन्यापाशी आलो की हा हिशेब उलटा होतो. २०१४ पासून २०२५ पर्यंत पाच वेळा एखादा संघ आपल्याच मैदानावर अंतिम सामना खेळला. २०१५ ला गोवा फातोर्ड्यावर, २०१६ ला केरळ कोचीत, २०१८ ला बेंगळुरू कांतिरवावर, २०२४ ला बागान सॉल्ट लेकवर. हे चारही हरले. पाचव्या खेपेला, २०२५ ला, बागान जिंकले. तेही आधी स्वयंगोलने पिछाडीवर पडून. युरोपातही हे घडलेले आहे. २०१२ ला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना म्युनिकमध्येच होता, बायर्न ८३ व्या मिनिटाला पुढे गेले आणि तरी शेवटी पेनल्टींवर चषक चेल्सीने नेला.

पाच सामन्यांवरून नियम बांधता येत नाही, हे मान्य. पण २०१५ चा गोवा-चेन्नई सामना मी फातोर्ड्याला बसून पाहिलेला आहे, त्यामुळे त्यातले थोडे मला सांगता येईल. कोल्हापूरहून आम्ही चौघे गेलो होतो. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, गोवा २-१ ने पुढे, आणि शेजारच्या काकांनी मला अशी घट्ट मिठी मारली की माझा चष्मा खालच्या रांगेत जाऊन पडला. तोवर आम्ही एकमेकांना नावही विचारले नव्हते. चष्मा शोधायला मी वाकलो, वर येतो तर मैदानावर गोवा अजून पुढेच धावत होता. त्या घडीला चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढायला हवा होता. पण हजारो माणसे 'आणखी एक' म्हणून ओरडत असताना चेंडू मागे खेळवायला कुणाचा पाय वळणार? नव्वदाव्या मिनिटाला गोव्याच्याच गोलरक्षकाच्या नावावर स्वयंगोल लागला. दोनच मिनिटांनी चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा मारला. त्यानंतर स्टेडियम इतके गप्प झाले की चेन्नईच्या खेळाडूंच्या आरोळ्या आम्हाला वरच्या रांगेत स्पष्ट ऐकू येत होत्या. काका खाली बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

प्रेक्षक संघाला पुढे ढकलतात. साखळीत ते बळ उपयोगी पडते, कारण आज चुकले तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. अंतिम सामन्यात थांबावे कधी, हे कळणारा संघ लागतो. २०२४ चे बागान बघा. १५ एप्रिलला याच सॉल्ट लेकवर मुंबई सिटीला २-१ ने हरवून त्यांनी साखळीत पहिला येणाऱ्याची लीग शिल्ड घेतली. १९ दिवसांनी, तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी, तेच प्रेक्षक, आणि पहिला गोल करूनही बागान १-३ ने हरले. त्याच मुंबईने त्याआधी उपांत्य फेरीत फातोर्ड्याला जे केले ते तर कुणी विसरणार नाही. नव्वदावे मिनिट लागेपर्यंत गोवा २-० ने पुढे होता आणि सामना मुंबईने ३-२ ने जिंकला. छांगतेचे दोन, विक्रम प्रतापचा एक.

आता न्यायाचा मुद्दा. यंदा तेरा संघ होते, प्रत्येकाने २४ सामने खेळले. बागानचे गुण ५६, दुसऱ्या गोव्याचे ४८, तिसऱ्या बेंगळुरूचे ३८. अठरा गुणांचा फरक म्हणजे सहा विजयांचा फरक. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत गावोगाव फिरून, पावसात, उकाड्यात जो संघ एवढा पुढे राहिला, त्याला शेवटच्या दिवशी आपल्या माणसांसमोर खेळायला मिळावे, यात अन्याय कुठला? हे मैदान चिठ्ठी टाकून मिळालेले नाही. त्रयस्थ ठिकाणी सामना नेला तर चषकाच्या वाटेवर पहिल्या आणि सहाव्या क्रमांकात फरक उरतो तो एवढाच, की पहिल्याला बाद फेरीचा एक टप्पा माफ. मग फेब्रुवारी-मार्चमधल्या सामन्यांत जीव तोडून कोण खेळेल?

आमच्या कोल्हापुरात हा प्रश्नच येत नाही, हेही सांगतो. इथले फुटबॉल संघ तालमींचे, आणि सगळ्या तालमींचे मैदान एकच, शाहू स्टेडियम. पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार असो, सगळे त्याच मातीत पडतात. त्यामुळे आमच्याकडे मैदान कुणाचेच नसते, गॅलरी मात्र पेठेची असते. आणि जे स्टँडवरचा आवाज लहानपणापासून ऐकत आले आहेत त्यांना विचारा, तो आवाज खेळाडूच्या आधी पंचावर काम करतो. पेनल्टी क्षेत्रात कुणी पडला की पाच हजार माणसे एकदम उठतात आणि पंचाचा हात शिट्टीकडे जातो. माणूसच आहे तो.

म्हणून सदर वाचकांच्या तक्रारीतला जो खरा भाग आहे, त्याचा उपाय मैदान बदलणे हा नाही. आपल्या लीगमध्ये यंदाही व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचाचा निर्णय तपासण्याची सोय, नव्हती. युरोपच्या फुटबॉल महासंघाने २०२१ मध्ये परक्या मैदानावरच्या गोलला जादा वजन देणारा नियम रद्द केला, तेव्हा त्यांनीच आकडे दिले होते: सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यांच्या स्पर्धांत ६१ टक्के सामने यजमान जिंकत आणि १९ टक्के पाहुणे; २०२१ पर्यंत ते प्रमाण ४७ आणि ३० वर आले होते. कारणे त्यांनी सांगितली ती मैदानांचा सुधारलेला दर्जा, सोयीचा प्रवास, चांगली पंचगिरी आणि व्हीएआर. प्रेक्षकांना कुणी हात लावला नाही, तरी अंतर कमी झाले. सगळ्या सामन्यांना खर्च परवडत नसेल तर निदान बाद फेरीच्या सात सामन्यांना तरी व्हीएआर आणा.

दुसरी मागणी पाहुण्या पाठीराख्यांसाठी. एका परगावच्या सामन्याला आम्ही पाहुण्या संघाचे टी-शर्ट घालून गेलो होतो. दाराशी आम्हाला अडवून टी-शर्ट उलटे घालायला लावले आणि यजमानांच्या गर्दीत विखरून बसवले. नव्वद मिनिटे आम्ही टाळी वाजवायलाही बिचकत होतो. अंतिम सामन्याला पाहुण्या संघासाठी एक पूर्ण स्टँड राखून ठेवावा, त्याची तिकिटे त्याच क्लबमार्फत विकावीत आणि उपांत्य फेरी संपल्यावर लगेच, म्हणजे लोकांना रेल्वेचे आरक्षण मिळेल अशा बेताने, ती खुली करावीत. बेंगळुरूहून कोलकाता रेल्वेने दीड दिवसाची वाट आहे, आणि यंदा उपांत्य फेरी आणि अंतिम सामना यांत जेमतेम पाच दिवस होते.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर