सूचना: रविवारी रंगीत बिस्किटं, सामान आणा जी

सगळ्या ताईंना नमस्कार. नाताळच्या सुट्ट्यात पोट्टे घरी राहतेत, तर येत्या रविवारी दुपारी 2 वाजता बचत गटाच्या खोलीत साखरेची रंगीत बिस्किटं करून राहिलो आपण. हरेकीनं पाव किलो मैदा, 125 ग्रॅम लोणी अन् 100 ग्रॅम पिठीसाखर आणाची, लोणी फ्रिजमधलं दगडासारखं नको, बोट दाबलं की खड्डा पडला पाहिजे. पीठ जास्त मळू नका, पोळीची कणीक नाही ते, नाहीतर बिस्किट चिवट होते. मागच्या खेपेला मी हळद अन् खायचा सोडा एकाच पिठात टाकला अन् बाई, पिवळ्याची लाल झाली ना बिस्किटं, पोट्टे म्हणे आई कुंकू टाकलं का! तर यंदा सोडाच नको. बीटाचा रस बी पिठात नका टाकू, भाजल्यावर मातकट दिसते, तो बिस्किटावर वरून लावाच्या साखरेत घालू, चमचा चमचा करून, पातळ झालं की ओघळते. संत्र्याची साल किसून आणा, वास काय सुटते! फक्त वरची केशरी, पांढरी कडू लागते.

ओव्हन नाही, कढईत मीठ टाकून झाकण ठेवून 10 मिनिटं तापवू, मंग मंद आचेवर भाजू. कडा बदामी झाल्या की बिस्किटं काढाची, मधोमध नरम वाटलं तरी, थंड झाल्यावर कडक होतेत. साखर गार बिस्किटावरच लावाची. डबे घरून आणा जी, मागचे दोन अजून वापस आले नाही.