सिलिंडरच्या मानेतले आटे कोण तपासतं? वाणिज्य मंत्र्यांना धुळ्याहून खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी धुळ्याला फॅब्रिकेशनचं काम करतो. गेट, ग्रील, पत्र्याचे शेड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेतकऱ्यांची मोडलेली औजारं, जे दारात येईल ते. वीस वर्षांहून जास्त झाली, गॅस कटिंग रोजचंच. तुम्हालाच लिहितोय कारण गॅस सिलिंडरचे नियम पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था, बघते आणि पेसो तुमच्या मंत्रालयाखाली येते. तुम्ही कामात असाल हे माहीत आहे, तरी पूर्ण वाचा ही विनंती.

गेल्या महिन्यात माझ्या शॉपमध्ये ऑक्सिजनच्या भरलेल्या टाकीचा व्हॉल्व मानेतून निघून उडाला. माझा भाचा टाकीपाशी होता, एकोणीस वर्षांचा पोरगा, आयटीआय करून नुकताच माझ्याकडे लागला होता. उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली, प्लेटा टाकल्या, आणि डाव्या कानाने त्याला अजून नीट ऐकू येत नाही. टाकी आडवी होऊन शटरवर जाऊन आदळली, शटर फाटलं. मधे कुणी असतं तर आज मी हे पत्र लिहायला बाहेर नसतो, पोलीस स्टेशनला असतो.

कसं झालं ते सांगतो, कारण मला जो भेटतो तो आधी हेच विचारतो की पोराने काय चूक केली. काही चूक केली नाही. सकाळी गाडीवरून टाकी उतरवली, साखळीने भिंतीला बांधायला घेतली, रेग्युलेटर लावायच्या आधी व्हॉल्व थोडा उघडून तोंडातला कचरा उडवायचा असतो तो उडवायला गेला. व्हॉल्व जाम होता. चावी लावून उघडायच्या दिशेला जोर दिला तर आतला स्पिंडल, म्हणजे गॅस उघड-बंद करणारा दांडा, फिरायच्या ऐवजी अख्खा व्हॉल्वच मानेत फिरला. आता हे समजून घ्या साहेब, व्हॉल्व उघडायची दिशा आणि व्हॉल्व मानेतून निघायची दिशा एकच असते, दोन्ही डावीकडे. मानेतले आटे उताराचे असतात, पंचवीस मिलीमीटर लांबीत तीन मिलीमीटरचा उतार, म्हणजे व्हॉल्व आत जाता जाता गच्च बसतो आणि आटे धड असले तर हाताच्या चावीने तो जागचा हलत नाही. पण आटे झिजलेले असले तर एकदा हलला की धरून ठेवायला काही राहत नाही. आत १५० किलोचं प्रेशर, दर चौरस सेंटीमीटरला. मानेचं भोक धरा पाच चौरस सेंटीमीटर. करा गुणाकार, साडेसातशे किलो. मोटरसायकलच्या टायरात दोन-अडीच किलो हवा असते आणि ती फुटली तरी माणूस दचकतो, इथे त्या एवढ्याशा पितळी व्हॉल्वच्या बुडावर पाऊण टन जोर चोवीस तास बसलेला असतो आणि त्याला थोपवून धरतात ते फक्त आटे.

व्हॉल्व नंतर शेडच्या पत्र्याखाली सापडला. मी स्वतः हातात घेऊन पाहिला. त्याच्यावर टेफ्लॉनची पट्टी इतकी गुंडाळलेली होती की आटे दिसतच नव्हते, नखाने थर थर काढावी लागली. खालच्या आट्यांची टोकं सपाट झालेली, काही ठिकाणी पार चकचकीत. टाकीच्या मानेत टॉर्च मारून बघितलं तर वरचे तीन-चार आटे गेलेलेच. मी काही इंजिनियर नाही पण लेथवर आटे पाडत माझं आयुष्य गेलंय, नटबोल्टचे गेलेले आटे मला अंधारात बोट फिरवून कळतात. ते आटे एका दिवसात गेलेले नाहीत. कुणीतरी कधीतरी ते पाहिले, ढिला व्हॉल्व पाहिला, आणि वरून टेप गुंडाळून बसवून दिला.

आणि टाकीच्या खांद्यावर टेस्टचा छाप? एकदम चालू तारखेतला. म्हणजे कागदावर सगळं बरोबर.

इथेच माझं डोकं फिरलं. गॅस सिलिंडर रूल्स २०१६ प्रमाणे ऑक्सिजनच्या टाकीची दर पाच वर्षांनी टेस्ट करायची, पाणी भरून, १५० च्या टाकीला २५० पर्यंत प्रेशर देऊन. मुदत संपलेली टाकी भरायची नाही. फेल झालेली टाकी चपटी करून नाहीतर कापून टाकायची म्हणजे ती परत बाजारात येणार नाही. हे सगळं चांगलं आहे, लिहिणाऱ्याने डोकं लावून लिहिलेलं आहे. पण ती पाण्याची टेस्ट सांगते की पोलाद ताणलं गेलं की नाही. मानेतल्या आट्यांचं काय, ते पाहायला वेगळं प्लग गेज लागतं, म्हणजे मानेत घालून बघायचं माप, व्हॉल्वच्या आट्यांना रिंग गेज लागतं, म्हणजे वरून चढवायचं माप, त्याचंही भारतीय मानक आहे. जगात सीमलेस सिलिंडरच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीसाठी आयएसओ १८११९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात मानेचे आटे साफ करून बघा, पूर्ण आकाराचे आहेत का, चीर आहे का, घासलेत का, हे सगळं लिहिलेलं आहे. म्हणजे करायचं काय हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या हातात जी टाकी येते तिच्यावर नुसती टेस्टची तारीख असते. गेज लावलं की नाही, कुणी लावलं, कधी लावलं, हे टाकीवर कुठेच दिसत नाही.

आणि खरी गोम तर दोन टेस्टच्या मधल्या पाच वर्षांत आहे. व्हॉल्व गळतो, स्पिंडल जाम होतो, भरायच्या ठिकाणी तो काढून दुसरा बसवतात. दर वेळी काढताना-बसवताना मानेचे आटे थोडे घासले जातात. त्या वेळी गेज कोण लावतो? मी विचारलं. ज्यांच्याकडून टाकी आली त्यांच्या माणसाने मला विचारलं, कसलं गेज? माझ्यासमोर विचारलं. नंतर त्यांच्याच मॅनेजरने फोनवर सांगितलं की तुमच्या पोराने चुकीची चावी वापरली. चावी त्यांच्याच गाडीवरची होती.

अपघातानंतर एक साहेब आले, ऑफिसचं नाव मी लिहीत नाही, त्यांनी फोटो काढले, टाकीचा नंबर लिहून घेतला, चहा घेतला नाही म्हणून मला वाटलं माणूस कडक आहे, काम होईल. आठ दिवसात टाकी सील करून टेस्टिंगला नेऊ आणि रिपोर्ट देऊ म्हणाले. भाच्याच्या खाटेजवळ उभं राहून शब्द दिला. त्यानंतर फोन केला तर मीटिंगमध्ये, मग दौऱ्यावर, आता तर फोनच उचलत नाहीत. १८८४ च्या एक्सप्लोझिव्हज ॲक्टमध्येच लिहिलंय की माणूस दगावला किंवा जबर जखमी झाला तर चीफ कंट्रोलरला, म्हणजे पेसोच्या प्रमुखाला, आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लगेच कळवायचं. आम्ही कळवलं. कळवून झालं. पुढे काय?

इकडे माझं काय चाललंय ते पण ऐका. ऑपरेशनचं बिल लाखाच्या वर गेलं, अर्धं उसनं. शॉप पंधरा दिवस बंदसारखंच, कारण दोन कारागीर भीतीने गावी निघून गेले आणि मी स्वतः टाकीला चावी लावायला गेलो की हात थरथरतो, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही आणि इथे लिहितोय. ट्रॉलीचं काम घेतलेल्या शेतकऱ्याने ॲडव्हान्स परत मागितला, त्याचंही बरोबर आहे, त्याचा माल वावरात पडून आहे. बँकेचा हप्ता थांबत नाही. आणि बहीण. ती रोज येते, भांडत नाही, ओरडत नाही, फक्त विचारते, "दादा, मना पोऱ्याना हात बरा व्हई ना?" मी काय सांगू तिला? त्याच्या दोन बोटांना अजून मुंग्या येतात, वेल्डिंगचा होल्डर धरता येत नाही, आणि त्याची सगळी कमाई त्या हातावर होती. तिने पोरगा माझ्या भरवशावर पाठवला होता. मी टाकी भरवशावर घेतली होती. ती टाकी मला कुणाच्या भरवशावर दिली गेली, हे मला अजून कुणी सांगू शकत नाही.

मंत्रीसाहेब, धुळं म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हायवे मिळतात ते ठिकाण. टाक्यांनी भरलेल्या गाड्या रात्रंदिवस जातात. जळगावची एमआयडीसी, भुसावळ, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, सगळीकडे त्याच टाक्या फिरतात, आज माझ्याकडे, उद्या गॅरेजवाल्याकडे, परवा भंगारवाल्याकडे कटिंगला. माझ्या शॉपवर येणाऱ्या दर दहा टाक्यांपैकी तीन-चारचा छाप रंगाच्या थराखाली वाचताच येत नाही, हे माझं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, कुणाला पटत नसेल तर या आणि मोजा. आणि हे नुसतं आम्हा कारखानवाल्यांचं नाही. दवाखान्यात जी काळी टाकी पांढऱ्या खांद्याची असते तिला पण मान आहे आणि मानेत आटेच आहेत. २०२१ च्या करोनाच्या लाटेत नायट्रोजन-आरगॉनच्या टाक्या ऑक्सिजनला वळवायची परवानगी दिली गेली, तेव्हा गरज तशी होती, मी नाव ठेवत नाही. पण त्या घाईत हातोहात फिरलेल्या टाक्या आज कुठे आहेत, कुणी त्यांच्या मानेत डोकावून पाहिलं का? त्याच एप्रिलमध्ये आमच्या शेजारी नाशिकला झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती झाली आणि निदान २२ माणसं गेली. ती मोठी टाकी होती, प्रकार वेगळा होता, पण गळतीनंतर जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. चौकशी समिती बसली. आमच्याकडे समिती माणसं मेल्यावरच बसते, हात मोडल्यावर बसत नाही.

तुमचं मंत्रालय धंदा सोपा करायचं बोलतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्यात ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी सैल केल्या. मी स्वतः छोटा धंदेवाला आहे, जीएसटी, शॉप ॲक्ट, विजेचं बिल, सगळ्यांच्या नोटिसा मला वेळेवर येतात, एक दिवस उशीर झाला की दंड लागतो. माझ्यावर नजर ठेवायला सरकारकडे माणूस आहे. कायदा आहे ना, मग मी मान्य करतो आणि भरतो. पण साडेसातशे किलो जोराने उडणाऱ्या व्हॉल्ववर नजर ठेवायला माणूस नाही? पेसोचं मुख्य ऑफिस नागपूरला, पश्चिम विभागाचं नवी मुंबईला, आणि मधे अख्खा खान्देश पसरलाय. मनमाड-इंदूर रेल्वेला मंजुरी मिळायला २०२४ उजाडलं, आमच्या बापाच्या पिढीने ती मागितली होती. आम्हाला वाट पाहायची सवय आहे म्हणून तुम्ही सगळ्याच गोष्टींना वाट पाहायला लावणार का? मोडलेलं हाड वाट पाहत नाही साहेब, ते वाकडं जुळतं.

मला काय पाहिजे ते साधं आहे. व्हॉल्व ज्या ज्या वेळी मानेतून निघेल त्या त्या वेळी मानेच्या आट्यांना गेज लावलंच पाहिजे, मग टेस्ट असो की नुसती व्हॉल्व बदली, आणि ते न लावता टाकी भरली तर भरणाऱ्याचं लायसन गेलं पाहिजे. गेज लावलं त्याची तारीख आणि लावणाऱ्याचा नंबर टाकीवर अशा जागी पाहिजे की माझ्यासारख्याला टाकी उतरवताना वाचता येईल. फाईलमध्ये नको, फाईल आम्हाला कुणी दाखवत नाही. भरायच्या ठिकाणी न सांगता तपासणी पाहिजे, आणि गेज आहे का, वापरून घासलेलं आहे का, हेही पाहिलं पाहिजे, कारण झिजलेलं गेज झिजलेल्या आट्यांना पास करतं. घेणाऱ्याला टाकीवर शंका आली तर ती परत द्यायचा हक्क पाहिजे, आज परत दिली की पुढच्या वेळी माल मिळत नाही. आणि भाच्याच्या उपचाराचा खर्च ज्याने ती टाकी भरून पाठवली त्याने द्यायला पाहिजे, हे मी भीक म्हणून मागत नाहीये.

ती टाकी मी परत दिलेली नाही. दोनदा गाडी पाठवली त्यांनी, रिकामी टाकी द्या म्हणून, डिपॉझिट कापू म्हणून धमकी दिली. कापा. टाकी आणि व्हॉल्व दोन्ही माझ्या शॉपच्या मागच्या खोलीत कुलपात आहेत, टेपचे काढलेले थर पण पिशवीत ठेवलेत, तारखेसकट फोटो आहेत. तुमच्या खात्याचा माणूस प्लग गेज घेऊन येऊ द्या, माझ्यासमोर, भाच्यासमोर, बहिणीसमोर मानेत लावू द्या, आणि काय निघतं ते तिथेच कागदावर लिहून सही करू द्या. किल्ली माझ्याकडे आहे, शॉप सकाळी नऊला उघडतं.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, धुळे