भांडायचे ते विसारापूर्वी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जुने घर घेताना मालक आडमुठा निघाला, ही तक्रार कोल्हापुरात नेहमीची. विसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम, घेऊन दर वाढवला, बहिणीची सही अडली, घर रिकामे करेना. यातली बहुतेक भांडणे विसारापूर्वी करता येतात आणि तेव्हाच करावीत. पैसे गेल्यावर घेणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या वडिलोपार्जित घरांत खरा अडसर सह्यांचा. प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे शहरी मिळकतीच्या सरकारी उताऱ्यावर, बऱ्याचदा एकाच भावाचे नाव असते आणि 'बहिणींचं काही म्हणणं नाही' एवढ्यावर लाखांचा व्यवहार ठरतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना 2005 पासून मुलांइतकाच हक्क आहे. बहिणीचे हक्कसोडपत्र आधी नोंदवून घ्या, नाहीतर साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात, विकणारी म्हणून तिचीही सही घ्या. भाऊ तिचे मुखत्यारपत्र दाखवत असेल, तर ते नोंदणीकृत आहे का आणि त्यात विक्रीचा अधिकार आहे का, ते वाचा. ती हयात असल्याचीही खात्री करा. सर्वसाधारणपणे लिहून देणारी व्यक्ती गेली की ते कागद संपतात.

मालक कागद दाखवत नसेल तर हुज्जत नको. प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हे कार्यालयातून कोणालाही काढता येते, जुन्या दस्तांची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, हीही शोधता येते. किमान 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, घ्या. घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे. मूळ खरेदीखत 'सापडत नाही' असे ऐकले, तर ते बँकेत तारण असण्याची शक्यता आधी धरा. कर्ज निघाले तर किती फेडायचे बाकी आहे याचे बँकेचे पत्र मागा आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा.

आता दर वाढवणाऱ्यांविषयी. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली विसार पावती अगदीच निरुपयोगी नसते. कोर्टात ती पुरावा म्हणून चालू शकते. पण ती सर्चमध्ये दिसत नाही. मालकाने तेच घर दुसऱ्याला विकले आणि त्याने तुमचा करार ठाऊक नसताना पैसे मोजले, तर कायदा त्याला संरक्षण देतो. म्हणून साठेखत नोंदवाच. त्यात खरेदीखताची तारीख घाला, कारण खरेदीखत करून मिळण्यासाठीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. मालक टाळू लागला की फोनवर विनवण्या करत बसू नका. वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस द्या आणि पैसे तयार असल्याचा पुरावा, म्हणजे बँकेचा उतारा किंवा कर्जमंजुरीचे पत्र, जपून ठेवा. तो नसेल तर दावा तिथेच ढिला पडतो.

रोखीचा आग्रह धरणाऱ्याला सरळ सांगावे, की स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. हे कळल्यावर बरेचजण नरमतात.

'परीक्षा झाल्यावर रिकामे करतो' म्हणणाऱ्याची काही रक्कम मागे ठेवा, पण किती आणि ती कधी द्यायची हे खरेदीखतातच लिहा. घरात भाडेकरू असेल तर मालक बदलला म्हणून तो निघत नाही, हे ध्यानात असू द्या.

नदीकडच्या भागात 2019 आणि 2021 च्या महापुराचे पाणी कुठवर आले, हे मालकाला विचारले की तो चिडतो. विचाराच. छातीपर्यंतच नवा रंग किंवा वर सरकवलेला विजेचा मीटर दिसला तर शेजाऱ्यांना विचारा, ते खरे सांगतात.

शेवटी आपल्याच पानांबद्दल एक विनंती. खरेदीआधीच्या जाहीर नोटिसांत अनेकदा फक्त 'ई वॉर्ड, सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) अमुक' एवढेच असते. पुण्यात नांदणाऱ्या बहिणीला त्यावरून हे आपले माहेरचे घर हे कसे कळावे? गल्ली, जुना घर नंबर आणि मूळ मालकाचे नाव दिल्याशिवाय अशी नोटीस स्वीकारू नये.

आपला,
दस्तलेखनाच्या क्षेत्रातील एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर