‘हा’ खोऱ्यात जाणाऱ्या मित्रास

वानवडी, पुणे
12 नोव्हेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा फोन येऊन गेल्यापासून मी मनाने पुन्हा त्याच ‘हा’ नावाच्या खोऱ्यात वावरतो आहे. भूतानमधील आपल्या लष्करी प्रशिक्षण दलात, म्हणजे इम्ट्राटमध्ये, तुझी नेमणूक झाली आणि तीही सहकुटुंब, हे ऐकून फार आनंद झाला. तिथले नियम कडक आहेत का, असे तू विचारलेस आणि मी ‘फारसे नाहीत’ एवढे बोलून मोकळा झालो. परंतु ते उत्तर अपुरे होते. लेखी सूचना तुला तिथे पोहोचताच मिळतील. मला शिकायला वेळ लागला तो हातांच्या रीतींना, आणि त्या कोणी लिहून देत नाही.

रुग्णालयातील पहिल्याच आठवड्यातली गोष्ट सांगतो. आपल्या तिथल्या रुग्णालयात गावकरीही उपचारासाठी येतात, हे तुला ठाऊक असेलच. एक वृद्ध शेतकरी समोर उभे राहिले आणि तोंडावर तळहात आडवा धरून, मान किंचित लववून बोलू लागले. दाढ दुखत असावी असे समजून मी त्यांना तोंड उघडायला सांगितले आणि बॅटरी घेऊन घसा पाहिला. त्यांची तक्रार गुडघ्याची होती. ते गेल्यावर सोबतच्या स्थानिक परिचारकाने हलक्या आवाजात सांगितले की, मोठ्या माणसाशी बोलताना आपला श्वास त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून जुनी माणसे असा हात धरतात. नैवेद्याचे ताट नेताना आजी तोंडाला पदर लावायची, ते मला त्या क्षणी आठवले. एवढा मान देणाऱ्या माणसाला मी बसायलादेखील सांगितले नव्हते, याची रुखरुख मला आजही आहे. त्या दिवसापासून वयस्कर रुग्ण आत आला की मी स्वतः उठून खुर्ची पुढे करू लागलो.

देणेघेणे नेहमी दोन्ही हातांनी करावे, मग ते औषधाचे पाकीट असो वा दुकानातली नोट. कोणाकडे किंवा देवाच्या मूर्तीकडे बोट दाखवू नये. तळहात वर करून हात पुढे करावा. कोणी खायला दिले की लगेच घेऊ नये, तोंडासमोर हात धरून ‘मेशु, मेशु’ म्हणावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या आग्रहाला घ्यावे. आपल्याकडे ‘नको, आत्ताच जेवून आलो’ म्हणण्याची जी पद्धत आहे, तिच्याच घरातली ही रीत आहे, त्यामुळे ती वहिनींना पहिल्या दिवसापासून जमेल. शेजारच्या आजींनी एकदा वेताच्या विणलेल्या टोपलीतून अंडी पाठवली होती. रिकामे भांडे परत करू नये, म्हणून माझ्या पत्नीने तीत दिवाळीच्या चकल्या भरून दिल्या. आजींनी ती टोपली दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली, आणि त्यानंतर आमच्या क्वार्टरचे दार त्यांना कधीच परके वाटले नाही.

सकाळी फिरायला जाशील तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. वाटेत चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, किंवा प्रार्थनाचक्र लागले तर ते आपल्या उजव्या हाताला ठेवूनच पुढे जायचे. प्रदक्षिणेची ही दिशा आपल्याला नवी नाही. परंतु आपण ती देवळात पाळतो आणि रस्त्यावर विसरतो, तिथे रस्त्यावरही विसरून चालत नाही. टेकडीवर उंच काठ्यांना लावलेल्या पांढऱ्या पताका दिसतील. त्या गेलेल्या माणसांसाठी उभारलेल्या असतात, म्हणून मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नकोस.

पुण्यात गाडी चालवलेल्या माणसाला तिथे हॉर्नवरचा हात आवरावा लागतो. थिंफूत तर वाहतूक दिवे नाहीत, चौकात पोलीस हाताने खुणा करतो, आणि झेब्रा पट्ट्यावर कोणी पाऊल टाकले की गाड्या थांबतात. जोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठात, जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट हवी, टोपी काढून हातात घ्यावी. वहिनींना साडी उत्तम. ‘हा’ गावचा जोंग आपल्या छावणीच्याच आवारात असल्यामुळे हा प्रसंग वारंवार येईल. तिथल्या पंचांगाच्या पहिल्या आणि चौथ्या महिन्यात मांसविक्री बंद असते. त्याचा विचार मेसच्या सामानात आधीच करावा लागतो.

एक कटू आठवण सांगावीशी वाटते. आमच्यापैकी एकाने सुटीच्या दिवशी नदीत गळ टाकला. जीव मारणे तिथल्या बौद्ध माणसांना पाप वाटते. कोणी भांडायला आले नाही. पलीकडच्या काठावर चार-पाच गावकरी नुसते उभे राहिले आणि थोड्या वेळाने निघून गेले. पण पुढे कित्येक दिवस बाजारात आमच्याशी कोणी आपणहून बोलले नाही. चूक एकाची, पण तो गणवेशातला माणूस होता, म्हणून ती साऱ्या छावणीची ठरली. सीमेवरच्या फुन्शोलिंगहून वर चढणारा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेच्या दंतक प्रकल्पाने बांधला, आणि तो प्रकल्प 1961 पासून तिथे आहे. एवढ्या वर्षांत साठलेला विश्वास आपल्या हातून उणा होऊ नये, याची मला मनापासून काळजी वाटते, आणि हे एवढे लांबलचक पत्र त्याचसाठी लिहितो आहे.

मुलांची चिंता करू नकोस. ‘कुझुझांगपो ला’ हा नमस्कार ती आठवड्यात शिकतील. शेवटचा ‘ला’ आपल्या ‘जी’सारखा आहे, तो गाळू नये. रुपया आणि तिथला न्गुल्ट्रम यांचे मोल समान असल्याने हिशेबाचा त्रास नाही. गाव सुमारे 2,700 मीटर उंचीवर आहे, तेव्हा मुलांचे लोकरीचे कपडे दुप्पट घे, आणि प्रेशर कुकरची जादा रबरी रिंग न विसरता घे, कारण डाळ शिजायला तिथे फार वेळ लागतो. चेलेला खिंड 3,988 मीटरवर आहे. पोहोचल्या आठवड्यातच मुलांना तिकडे नेण्याची घाई करू नकोस.

तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. रविवारी तुझे नऊ वाजतील तेव्हा इथे साडेआठ झालेले असतील आणि आम्ही दोघे चहा घेत असू. त्या वेळेला फोन कर. त्या आजी भेटल्या, तर आमचा नमस्कार सांग, दोन्ही हात जोडून.

तुझा,
जुना सोबती