फिजिओ ताई, आईंच्या खुर्चीवरची शेवटची चादर निघाली

ताई,

तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये. पण साताऱ्याहून आमच्या गावापर्यंत भर पावसात रेनकोट घालून स्कूटीवर येणाऱ्या तुम्ही एकट्याच, त्यामुळे वाचलंत की कळेलच. लिहायचं लिहायचं म्हणत राहून जात होतं, काल आईंनी (माझ्या सासूबाई) खुर्चीवरची शेवटची चादर स्वतः घडी करून कपाटात ठेवली आणि मग मात्र मला राहवलं नाही.

मागच्या वर्षी श्रावणात आई रात्री बाथरूमला जाताना पडल्या. जोरात पण नाही हो, उभ्या उभ्या बाजूला कलंडल्या एवढंच, तरी खुब्यापाशी मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आत रॉड, पाचव्या दिवशी घरी. ऑपरेशन चांगलंच झालं होतं, पण घरी आणल्यावर आम्ही जे केलं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. वय 74, मोडलेलं हाड, म्हणजे हलवायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, भेटायला येणारा प्रत्येकजण तेच सांगून जायचा की तीन महिने खाटेवरून उठवू नका. बेडपॅन, डायपर, जेवण पण आडवंच. अकरा दिवसात मांडीचं मांस उतरलं, माकडहाडापाशी लाल चट्टा आला आणि सगळ्यात वाईट म्हणजे आई बोलायच्याच बंद झाल्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "देवाला सांग, आता ने म्हणावं."

आणि मग तुम्ही आलात. आल्या आल्या आधी फाईल मागितलीत. त्यात डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं, वॉकर धरून पायावर वजन देऊन चालवणे, आणि आमच्यापैकी एकानेही ते वाचलं नव्हतं! तुम्ही रागावला नाहीत, एवढंच म्हणालात, "वहिनी, रॉड टाकलाय तो उभं राहता यावं म्हणूनच. पडून राहिल्या तर पायात रक्ताच्या गुठळ्या होतील, छातीत कफ भरून न्यूमोनिया होईल, भीती त्याची आहे, चालण्याची नाही." त्याच दिवशी आई वॉकरला धरून वीस सेकंद उभ्या राहिल्या. घामाघूम झाल्या, रडल्या पण, आणि बसल्यावर अकरा दिवसात पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला.

खुर्चीचं तर मला सगळ्यांना सांगायचंय. आईंना नेहमीच्या खुर्चीतून उठताच येईना, मांडीत जोर नव्हता. तुम्ही आमच्याच घरातल्या चार जाड सोलापुरी चादरी घड्या करून खुर्चीवर रचल्या, बसायची जागा उंच झाली आणि आई हाताचा टेकू देऊन उठल्या. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच उठबशा, आणि सहज जमायला लागलं की एक चादर काढायची. एवढंच. मशीन नाही, महागडं काही नाही. पहिली चादर पंधरा दिवसांनी निघाली, दुसरीला महिना लागला, तिसरी संक्रांतीला, मध्ये एकदा सर्दीतापाने आठ दिवस मोडले तर परत चढवावी लागली आणि आई हिरमुसल्या, तेव्हा तुम्ही फोनवर त्यांच्याशी अर्धा तास बोलला होतात. त्या अर्ध्या तासाचे तुम्ही पैसे घेतले नाहीत हे माझ्या लक्षात आहे.

पण आभार मानायचं खरं कारण वेगळंच आहे. चौथ्या की पाचव्या व्हिजिटला आई वॉकरने चालत होत्या आणि तुम्ही अचानक थांबवून विचारलंत, "आजी, परकर लोळतोय, नवीन आहे का?" आई म्हणाल्या, नाही गं पोरी, जुनाच आहे, दोन वर्षं झाली सगळेच परकर लांब पडायला लागलेत, हिने दुमडून शिलाई मारून दिलीय. मी खरंच मारून दिली होती, एकेक करून सात परकरांना, आणि एकदाही मनात आलं नाही की कापड वाढत नसतं, माणूस कमी होत असतं. तुम्ही भिंतीला टेकवून उंची मोजलीत. पेन्शनच्या जुन्या कागदांत, आजोबांच्या वेळच्या एका मेडिकल तपासणीच्या कागदावर आईंची उंची सापडली, दोन इंच गेले होते! मग तुमच्या सांगण्यावरून पाठीचा एक्स रे काढला तर एक मणका आधीच दबलेला, म्हणजे हाड पहिल्यांदा मोडलं ते श्रावणात नाहीच, त्याच्या खूप आधी मोडलं होतं आणि आम्ही त्याला पाठदुखी म्हणून बाम चोळत होतो.

तुम्ही तेव्हा विचारलेला प्रश्न अजून डोक्यात आहे, "हाड जोडलं ते ठीक, पण इतक्या साध्या पडण्याने मोडलं का, हे कोणी बघितलं का?" कोणीच नव्हतं बघितलं. फाईलमध्ये त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. तुम्ही स्वतः औषध लिहून दिलं नाहीत, हाडांच्या डॉक्टरांकडे परत पाठवलंत आणि काय काय विचारायचं ते कागदावर लिहून दिलंत. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजायची तपासणी) झाला, त्यातला टी स्कोअर उणे 3.1 (उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत असं धरतात). व्हिटॅमिन डी पण तळाला. आधी आठवड्याला एक अशी 60,000 युनिटची पाकिटं आठ आठवडे, दुधातून. आमच्या शेजारच्या काकू तेच पाकीट रोज घेत होत्या, त्यांनाही तुम्हीच थांबवलंत, म्हणून इथे मुद्दाम लिहिते, ते रोज घ्यायचं नसतं. मग किडनीची आणि कॅल्शियमची तपासणी करून झोलेड्रोनिक ॲसिडचं (हाडांची झीज रोखणारं औषध) 5 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, सलाईनमधून, वर्षातून एकदाच. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी, ते तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं त्यामुळे घाबरलो नाही. नंतर मी वाचलं की 2007 साली याच औषधाचा मोठा अभ्यास छापून आला होता, खुब्याच्या फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत इंजेक्शन सुरू केलेल्या लोकांमध्ये नवीन फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी कमी झाले आणि मृत्यू 28 टक्क्यांनी. हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात रडले. कारण तुम्ही परकराकडे बघितलं नसतं तर आम्ही ते 90 दिवस असेच घालवले असते.

खाण्यावरून आईंशी तुमची झालेली बोलणी पण आठवतात. सोमवार, चतुर्थी, एकादशी, आईंचे उपास म्हणजे चहा आणि दोन केळी. तुम्ही उपास सोडा म्हणाला असतात तर त्यांनी तुम्हाला परत घरात घेतलं नसतं. तुम्ही म्हणालात, उपास करा की आजी, पण राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी आणि रात्री दूध घेऊन करा. वजन 48 किलो, तर दिवसाला साधारण 50 ते 55 ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, हाडावर नुसतं कॅल्शियम ओतून मांडीला जोर येत नाही. आमच्याकडे सकाळच्या चहाबिस्किटाच्या जागी ताक घातलेली नाचणीची आंबील आली ती आजपर्यंत आहे, आणि एक अंडं, ते आई नातवासाठी उकडलंय असं सांगून स्वतः खातात.

रात्रीची झोपेची गोळी डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद झाली, बाथरूमला दांडी आणि रात्रीचा दिवा लागला, पायपुसणी गेली, परकर घोट्याच्या वर आले. आणि जिना! "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, काठी चांगल्या बाजूच्या हातात." हे आई आता पुटपुटत जिना चढतात, अगदी जपासारखं. माघी गणपतीला त्या अकरा पायऱ्या चढून देवळात गेल्या तेव्हा मी मागे हात धरायला उभी होते, धरावा लागला नाही.

दुसऱ्या वर्षीचं इंजेक्शन पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी रक्त तपासून घेतोय, काळजी करू नका. आणि एक राहिलं. ओट्याला हात धरून दूध तापेपर्यंत एका पायावर उभं राहायचा व्यायाम तुम्ही दिला होतात ना, नंतर हात सोडून 10 सेकंद जमले पाहिजेत म्हणाला होतात. परवा आईंनी मला बोलावलं, खुर्ची मागे लावून घेतली, हात सोडला, मी मोबाईलवर मोजले. 14.

तुमच्या आजींची सून